जाळीला नाक लावून

परवा शेजारच्या मुलीबरोबर लहान बाळांच्या सामानाच्या दुकानात गेले होते. शेजारची म्हणजे आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात गेल्या वर्षी राहायला आलेली, नागपूरकडची, सातवा महिना लागलेली. तिची आई अजून व्हिसासाठी ताटकळलेली आणि नवरा रोज ट्रेनने शिकागोला जाऊन येऊन दमलेला, त्यामुळे वडीलकीचा मान आपसूक माझ्याकडे आला. दुकानाचं दार उघडलं आणि नव्या प्लॅस्टिकचा, कोऱ्या कापडाचा आणि कसल्याशा गोडसर पावडरीचा मिळून एक वास अंगावर आला. सहा वर्षांत मी त्या दुकानाकडे फिरकले नव्हते, पण तो वास तस्साच होता. पाळण्यांची रांगच्या रांग मांडलेली. पलंगाला जोडायचे, घडी करून पिशवीत घालायचे, चाकांचे, झुलणारे. "ताई, यार, किती ते टाइप्स आहेत! मी तर कन्फ्यूजच झाले," असं म्हणून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी पुढे होऊन एका पाळण्याची गादी मुठीने दाबून पाहिली, गादीच्या कडेला फट आहे का म्हणून दोन बोटं घालून पाहिली, आणि मग माझ्याही नकळत खाली वाकून त्याच्या बाजूच्या जाळीला नाक-तोंड घट्ट लावलं आणि दोन मोठे श्वास घेतले.

"ताई, हे काय करताय?" ती हसतच सुटली.

"काही नाही गं, सवय," असं काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पोटुशी बाईला असल्या गोष्टी सांगू नयेत, हे मी अजूनही पाळते. तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहायला बसले आहे.

ही सवय माझी नाही, माझ्या आईची. सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, माझ्या बाळंतपणासाठी म्हणून आई इथे, शिकागोजवळ नेपरव्हिलला आली तेव्हा आम्ही एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. विमानतळांवरची तपासणी तेव्हा नुकतीच कडक झाली होती. आईच्या बॅगेतल्या डिंकाच्या लाडवांची, अळीवांची आणि सुंठेची सगळ्यांसमोर झडती झाली, आणि घरी पोचेपर्यंत ती त्या अधिकाऱ्याचा उद्धार करत होती. आई तशी रीतीभातींना पक्की. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही हा आमच्याकडचा नियम, आणि तिचा त्याबाबतीत इतका कडक पहारा, की मी हौसेने घेतलेली एक लोकरीची टोपी तिने मला परत करायला लावली. अशा बाईने आल्यापासून चौथ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "पाळणा मात्र आधीच आणायचा. आणि मी बघितल्याशिवाय आणायचा नाही."

मी चाटच पडले. मावशीला कॉलिंग कार्डावरून फोन लावला, तर पलीकडून तिनेही आईला झापलं, की रिकामा पाळणा घरात कसला आणतेस, अक्कल गहाण ठेवलीस का.  मला तर थट्टेला विषयच मिळाला. अमेरिकेचं पाणी लागलं हिला चार दिवसांत, असं मी येईल त्याला सांगत सुटले.

दुकानात आईने तीन तास घातले. स्वेटरवर माझ्या नवऱ्याचा कोट, खाली सुती लुगडं, पायांत मोजे आणि चपला. प्रत्येक पाळण्याशी थांबायची, चौकट दोन्ही हातांनी हलवून बघायची, गादीवर मूठ रोवायची आणि मूठ जराशी आत गेली की मान हलवून पुढे जायची. मऊ गाद्या मला आवडत होत्या, कडेने फुलाफुलांच्या उशा बांधलेले पाळणे तर फारच. आई त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हती. आणि प्रत्येक जाळीला नाक लावून श्वास. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या तसं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे सगळे टेस्टेड असतात," माझा नवरा समजुतीने म्हणाला. "सर्टिफाय करूनच विकायला ठेवतात."

"असू देत, जावईबापू. त्यांनी त्यांचं बघितलं, मी माझं बघते."

शेवटी तिला एक पसंत पडला. हलका, घडी होऊन पिशवीत जाणारा, ते आमच्या सोयीचंच होतं, कारण नवऱ्याचा पुढचा प्रोजेक्ट कुठल्या गावी लागेल याचा नेम नसायचा. त्याची एक बाजू खाली घेऊन तो मोठ्या पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधता येत होता. आईने तो तिथल्या नमुन्याच्या पलंगाला जोडायला लावला. मग लोकांची पर्वा न करता ती त्या पलंगावर आडवी झाली, कुशीवर वळली आणि हात लांब करून पाळण्याच्या गादीवर ठेवला. तिथे एक बोटभर उंचीचा कठडा मध्ये राहत होता, त्यावरून तिने दोन-तीनदा हात फिरवला. "हा चालेल," ती उठत म्हणाली. "हात पोचतो, पण अंग पोचत नाही." या वाक्याचं मी पुढे आठवडाभर हसं केलं.

मुलगी झाली. आईने माझं बाळंतपण कसं केलं म्हणून सांगू! तेल लावणं, अंघोळ, शेक, मेथ्यांची खीर, पोटाला पट्टा, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत तिची पहाटेपासूनची लगबग. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिचा चेहरा असा काही फुलायचा. पण बाळ झोपलं रे झोपलं, की ती त्याला उचलून त्या पाळण्यात उताणं ठेवायची, अंगावर ना दुपटं ना पांघरूण, नुसते जाड कपडे. आणि स्वतः शेजारी खुर्ची घेऊन ताठ बसायची. माझ्या मैत्रिणींचे फोन यायचे. कुणाची सासू बाळाला कुशीतून सोडत नव्हती, कुणाची आई दुपारभर नातवाला पोटाशी घेऊन झोपत होती आणि मैत्रीण बिनघोर घोरत होती. माझी आई बाळाजवळ कधी पडायचीच नाही. मांडीवर घेईल, खांद्यावर घेईल, येरझाऱ्या घालेल. पण अंथरुणात घे म्हटलं की काहीतरी काम काढून उठायची. मला ते लागायला लागलं. बाळंतीण बाई आधीच हळवी, त्यात झोप नाही, त्यात खिडकीबाहेर दिवसचे दिवस तोच राखाडी उजेड. हिला माझ्या मुलीचा लळा नाही, असं मी मनाशी पक्कं धरून बसले.

तीन आठवडे झाले असतील. दुपारी बाळ काही केल्या पाळण्यात राहीना, टाके दुखत होते, डोळे मिटत होते. मी म्हटलं, "आई, घेऊन पड ना तिला जरा तुझ्याजवळ. मी तासभर झोपते."

"मी बसते घेऊन."

"बसायला कशाला? बसलीस की ती रडते. नुसती पड म्हणतेय मी."

"नको."

त्या 'नको'वर माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुला तिचा लळाच नाही. नुसती पाळण्यांची पारख करायला आली होतीस एवढ्या लांब!" आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी रागारागाने बाळाला उचललं, मोठ्या पलंगावर माझ्या कुशीत घेतलं आणि वर जाड रजई ओढली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच पोरं वाढली, हे आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. आणि मला झोप लागली.

जाग आली ती अंगावरची रजई कुणीतरी भिरकावल्यामुळे. आई पलंगाशी उभी होती, बाळ तिच्या हातांत, आणि तिने आपलं पालथं बोट बाळाच्या नाकाशी धरलं होतं.  मग बाळाने भोकाड पसरलं आणि आई त्याला छातीशी धरून जमिनीवर मटकन बसली. बाळाला काहीही झालं नव्हतं. चांगलं लालबुंद होऊन रडत होतं ते. मी घाबरून आणि घाबरल्याच्या रागाने ओरडले, "काय झालंय तुला? वेड लागलंय का?"

बाळ थोडं शांत झाल्यावर आईने सांगितलं. माझ्याआधी एक मुलगा झाला होता आणि तो राहिला नाही, एवढं मला ठाऊक होतं. आमच्याकडे असंच म्हणतात, 'राहिला नाही', पाहुणा आला आणि मुक्काम न करता गेला असं. तापाने गेला असेल असं मी कधीतरी धरून चालले होते. आईचं माहेर निफाडकडचं, तिथली थंडी हाडं गोठवणारी. बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. अकराव्या दिवशी फार गारठा म्हणून तिने त्याला अगदी पोटाशी घेतलं, वरून दोन गोधड्या घेतल्या. सकाळी तिला जाग आली आणि त्याला आली नाही. थंडीने गेलं, असं घरातल्यांनी बाहेर सांगितलं. पण माजघरात तिच्या काकू दुसऱ्या बाईला हळूच म्हणाल्या, आईच्या अंगाखाली आलं असेल. तिने ते ऐकलं. तिला कुणी तोंडावर काही बोललं नाही, उलट सगळे जपून वागले. माझ्या वडलांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"पोटुशीला सांगतात का असलं? आणि आता तू बाळंतीण. तुझं दूध आटलं असतं तर?" ती म्हणाली. "आजही सांगणार नव्हते."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. इथल्या डॉक्टरांनी दिलेली माहिती माझ्याकडे होती, ती मी भडाभडा सांगायला लागले. की कित्येकदा कारण सापडतच नाही, चांगली धडधाकट बाळं जातात, तुझी चूक नव्हती, आई. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला काय ठाऊक, चूक नव्हती म्हणून? मलाच कुठे ठाऊक आहे? झोपेत होते ना मी." 

मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"बारशाआधी गेला. नाव कुठून असणार?"

"पण ठरवलं असेल ना तुम्ही?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "ठरवलं होतं की," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बारसं होतं. माझ्या नणंदेने पाळणा रचला होता, त्यात ते नाव घातलं होतं. मला म्हणूनही दाखवला होता." आणि ती तो पाळणा गुणगुणायला लागली. चाल सगळी आठवत होती, शब्द अर्धेमुर्धे. चौथ्या ओळीत, जिथे नाव यायचं तिथे ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. असं चार-पाच वेळा झालं. "विसरले गं," ती म्हणाली. "नावच विसरले मी त्याचं." आणि मग ती रडली. तो कसा गेला हे सांगताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

राहिलेले चार महिने आई तशीच खुर्चीत बसली. मी पुन्हा तिला बाळाजवळ पड म्हटलं नाही. दुपारी मी पलंगावर, मुलगी पाळण्यात, आणि आईचा एक हात जाळीवरून आत, मुलीच्या पोटावर. तेवढाच. जाताना विमानतळावर तिने नातीला घट्ट धरलं, मटामटा मुके घेतले. पण झोपलेल्या नातीची ऊब तिने एकदाही कुशीत घेतली नाही. ती लळ्याची कमतरता नव्हती, हे मला कळेपर्यंत मी बोलायचं ते बोलून बसले होते, आणि ते वाक्य काही परत घेता येत नाही. फोनवर मी कितीदा तरी क्षमा मागायचं ठरवलं. कार्डावरची मिनिटं संपत आली की ती घाईघाईने मुलीच्या सर्दीचं विचारायची आणि ते राहून जायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवस झाल्यावर मी मावशीला विचारलं, आईच्या त्या पहिल्या मुलाचं नाव काय ठरलं होतं गं? मावशी छताकडे बघत आठवायला लागली. होतं काहीतरी तीन अक्षरी, म्हणाली, छान होतं. पाळणा रचणारी आत्या कधीच गेली होती, वडील तर त्याही आधी. आणखी विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दुकानातून आले त्या दिवशी जेवताना माझी मुलगी शाळेतलं सांगत होती. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या मामाने तिला घोडा दाखवायला नेलं म्हणे. "माझा मामा कुठेय?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुला एक मामा होता, पण तो फार लहानपणीच गेला. तोंडातला घास न संपवताच ती म्हणाली, "व्हॉट वॉज हिज नेम?"

 ती उत्तराची वाट बघून पुन्हा जेवायला लागली. सहा वर्षांच्या पोरीने तो प्रश्न इतक्या सहज विचारला. ज्यांना उत्तर ठाऊक होतं त्या सगळ्यांनी, आईला जपायचं म्हणून, तो तेहतीस वर्षं विचारला नाही; आणि मी विचारला तेव्हा फार उशीर झाला होता.