दातांच्या गाडीवरची मनुबाई

मनुबाईची लेक मालू दाढेच्या दुखण्यानं गेली, हे परगावच्या माणसाला खरं वाटत नसे. दाढेनं कुठं माणूस मरतं? पण जांबोटीच्या रानात मरत होतं. आधी लवंग झाली, मग पाल्याचा लेप, मग देवऋष्याचा अंगारा. गालाची सूज गळ्यात उतरली. डोलीत घालून खानापूरला निघाले तर वाटेतच पोरीचा श्वास कोंडला. लग्न ठरलं होतं तिचं. विधवा मनुबाईला मागं दुसरं कुणी उरलं नाही.

पुढच्या वर्षी भाताची कापणी उरकल्यावर गावात छपराची बैलगाडी आली. निपाणीकडचे डॉक्टर पद्मराज बेळगावात खडेबाजारात दातांचा दवाखाना चालवत. हिवाळ्यात खुर्ची, चिमटे, औषधं गाडीत घालून ते रानातली गावं फिरत. चावडीपुढं खुर्ची मांडली, पण माणसं लांबच उभी.

"वरचा दात काढला की डोळा जातोय," कुणीतरी म्हणालं, आणि बायका पोरांना घेऊन घरात शिरल्या.

मनुबाईची एक दाढ ठणकत होतीच. ती सरळ जाऊन खुर्चीत बसली. दाढ निघाली तसं रक्त थुंकत तिनं विचारलं, "एवढंच व्हतं?"

"एवढंच."

ती तिथंच हमसून रडायला लागली. लोकांना वाटलं, दुखलं म्हणून.

डॉक्टरांनी तिला गाडीवर सोबत घेतलं. परक्या पुरुषापुढं तोंड उघडायला बायका लाजत. मनुबाई त्यांचं डोकं पोटाशी धरी, म्हणे, "माझ्याकडं बघ गं आक्का, सुटतीस आता." असे काही हिवाळे बरे गेले. मग लढाई पेटली आणि डॉक्टर फौजेत गेले.

"मनुआक्का, लढाई सरली की येतो," जाताना ते म्हणाले. "तोवर कुणाचा गाल सुजला तर लगेच बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्या. तुम्ही चिमट्याला हात लावू नका."

ऐन रोपलावणीत शेजारच्या जयाबाईचा गाल सुजला. तिची सासू यशोदाबाई मनुबाईकडं आली. "इतकी वर्सं बघत आलीयास. तूच काढ की."

"न्हाय बाई. सुजल्यावर मी हात लावला तर पोर हातची जाईल. बेळगावला न्या, आजच."

"लावण टाकून? जरा उघडू दे पाऊस."

मनुबाई भांडली, पाया पडली. जयाबाईचं तोंड उघडेना झालं तेव्हा कुठं तिचा नवरा भरमा गाडी जुंपायला तयार झाला. वाटेत ओढा फुगलेला. पाणी उतरेपर्यंत तिघं काठावरच्या देवळात बसून राहिली. जयाबाई कण्हत होती आणि मनुबाई तिच्या गळ्यावरून हात फिरवत सूज चाचपत होती.

बेळगाव गाठण्याइतका वेळ उरला नव्हता; खानापूरच्याच डॉक्टरनं गालाखाली चिरून पू काढला. जयाबाई जगली, पण जबडा आखडला तो आखडलाच. दातांच्या फटीतून पेज ओतावी तेवढी पोटात जाई. वर्ष सरायच्या आत भरमानं दुसरी बायको केली.

यशोदाबाई पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली, "ठावं असून चिमटा धरला न्हाईस. माझ्या सुनंचं वाटोळं केलंस."

मनुबाई घागर उचलून घरी आली. दाढ काढली असती तर जयाबाई धड राहिली असती, की त्याच दिवशी गेली असती? हे सांगणारं कुणी नव्हतं. तिनं जयाबाईला आपल्या घरी आणलं. दोघींत बोलणं कमीच. जयाबाईला बोलायचा त्रास होई, मनुबाईला काय बोलावं सुचत नसे.

लढाई संपल्याचं कळलं तशी, डॉक्टर जबडा सोडवतील या आशेनं ती जयाबाईला घेऊन बेळगावला गेली. खडेबाजारात दवाखान्याच्या जागी कापडाचं दुकान लागलं होतं. जयाबाईला पायरीवर बसवून ती आत गेली.

"दातांचे डॉक्टर?" दुकानदार म्हणाला. "ते ब्रह्मदेशात वारले की, बाई. लई दिवस झाले."

ती बाहेर आली. जयाबाईनं बंद दातांआडून विचारलं, "काय म्हन्तोय?"

"आलं न्हाईत अजून," मनुबाई म्हणाली आणि तिला हाताला धरून उठवलं.