सुमनकाकीच्या मनगटावरचा विंचू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीटसं कळत नाही.

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात बीएला पत्रकारिता हा माझा मायनर विषय होता. हौस दांडगी. लालबागेतल्या आमच्या गल्लीत गळ्यात ओळखपत्र अडकवून मी अशी मिरवायची, जणू अख्खं शहर माझ्याच बातमीसाठी अडून बसलंय. प्रॅक्टिकलला एक लेख लिहायचा होता. शेजारची सुमनकाकी बहादरपूरला केळी धुण्याच्या कामाला जायची. तिथला मुकादम नव्या पोरींच्या अंगाला हात लावतो, हे तिनं मला सांगितलं. तिला काय गरज होती? त्या पोरींसाठी सांगितलं. फक्त तिचं नाव कुणाला कळायला नको होतं. लेखाची गोष्ट तिनं एकट्या रेखामावशीच्या कानावर घातली होती — दोघी एकाच गल्लीतल्या, वर्षानुवर्षं जोडीनं कामाला जाणाऱ्या.

सरांनी शिकवलं होतं — नाव बदला, चेहरा दाखवू नका. मी दोन्ही पाळलं. फोटोत नुसते हात घेतले, हौदात केळीची फणी धरलेले. आणि मनगटावर गोंदलेला विंचू. तो मला दिसला नव्हता का? दिसला होता. तेवढा भाग कापायला किती वेळ लागला असता? पण विंचू गेला की ते कुणाचेही हात वाटत होते, आणि मला पहिला नंबर हवा होता. तो मिळाला.

लेख कॉलेजच्या अंकात छापून आला. मुकादमाचा पुतण्या आमच्याच कॉलेजात. दुसऱ्याच आठवड्यात मुकादमानं काकीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. काकीनं अंक बघायला मागितला — संपले, म्हणाले मी. माझ्या बॅगेत होता.

रेखामावशीचं काम मात्र चालू राहिलं. मग काकीचा संशय दुसऱ्या कुणावर जाणार? रेखामावशी शपथा घेत दारात आली, तेव्हा मी काकीकडे चहा पीत बसले होते. ती माझ्याकडे वळली. "पोरी, तुले तं मालूम हाय ना, म्या नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत, मावशी."

फोटो हा माझा हावरटपणा होता. पण हे — याला काय म्हणू? समोर एक बाई माझ्याकडे साक्ष मागत होती, आणि मी कपात बघत राहिले.

दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. यंदा रेखामावशी गेली. तिरडी तापीवरच्या राजघाटाकडे निघाली ती काकीच्या दारावरूनच. काकी दार लावून आत बसली होती, मी तिच्याशेजारी. तेव्हा तरी सांगता आलं असतं. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं तिनं.

बाहेरचा आवाज लांब गेला. काकीनं माझा हात धरला. "एक तूच आपली हाय वं, पोरी."

मी हात सोडवून घेतला नाही.