पाय धुणारा पाहुणा

नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. खर्ड्याजवळच्या आमच्या गावाला टँकर चार दिवसांनी एकदा यायचा. त्यातच मिशनमध्ये परदेशातून एक तरुण सेवेला आला. मी मिशनच्या शाळेतला मास्तर, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्याला मराठीचं एकच वाक्य पाठ होतं: "मी तुमची सेवा करायला आलो आहे." छातीवर हात ठेवून ते तो पोस्टमनलाही ऐकवायचा आणि टँकरच्या ड्रायव्हरलाही. शिवाय उकडतं म्हणून दिवसातून तीनदा अंघोळ करायचा.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मनानं घेतलं, की प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आपण गावातल्या म्हाताऱ्यांचे धुवायचे. पहिला मान मिशनचं पाणी भरणाऱ्या सोनाआजीला. सकाळभर टँकरपुढं उभं राहून तिनंच भरलेला हंडा त्यानं घमेल्यात ओतला, वासाचा साबण घेतला आणि गुडघे टेकले.

आजीनं पाय आखडून घेतले. "मास्तर, ह्याला सांगा की, पाय काय धुतुया? माझ्या घरात प्यायला घोटभर पानी न्हाई."

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"आशीर्वाद देतेय," मी सांगितलं. नोकरी मिशनची होती.

त्याचे डोळे भरून आले. पाय धुऊन झाल्यावर आजीनं ते घमेलं उचललं आणि दारातल्या शेळीपुढं ठेवलं. शेळीनं साबणाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"काय झालं?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "तिला तहान नाही."