श्रीखंडाच्या डब्याला काहीही चिकटत नाही

मला राग आला की मी भांडी आपटत नाही, पॉलिशपेपर घासते. घरात ती खरखर सुरू झाली की आमचे हे न सांगता उठतात आणि बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला जातात. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी आमची दोन झाडं जास्त पाण्याने कुजली, यावरून काय ते समजा.

मला मॉडेलं करायचा नाद आहे. विमानं, रणगाडे असलं काही नाही. रिक्षा, टेम्पो, रस्त्यावर रोज दिसतं ते, टेबलावर मावेल एवढं. आदल्या वर्षी एका छंदप्रदर्शनात मी पाण्याचा टँकर ठेवला होता. ऑफिसातून येऊन, कुकर लावून, मग बसायचं, असे चार महिने खपले होते. परीक्षक आले. वयस्कर, गंभीर गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवून टँकर चारही बाजूंनी पाहिला, आणि माझ्या शेजारी पिशवी धरून उभ्या असलेल्या ह्यांना म्हणाले, "सांधे सुरेख जुळवलेत हं तुम्ही."

"हिला विचारा," एवढे दोन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? हे म्हणाले, "हो, बरेच दिवस लागले."

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर 'श्री. व सौ.', आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं.

घरी येऊन मी विचारलं, "अहो, त्या टँकरचं तुम्ही नक्की काय केलंत?"

"अगं, वयाने मोठे होते ते. त्यांना तोंडावर 'चुकलात' कसं म्हणायचं?"

"आणि मला काय वाटेल?"

"तुला मी काही बोललोच नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त संतापजनक होतं. पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः भरला. शेरा म्हणून रकाना होता, त्यात लिहिलं, 'मॉडेल एकटीने केले आहे.' खाली दोन रेघा मारल्या. ह्यांना बजावलं, माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही. हे म्हणाले, पुसत तर मी कधीच नव्हतो. हेही खरंच होतं.

या खेपेला लाल बस करायची होती, हडपसरहून मला रोज ऑफिसला नेणारी. बाकीचा सांगाडा सोपा. दुकानात पांढरी प्लॅस्टिक शीट मिळते, ती कापायची आणि कडेला पातळ गोंदाचा ब्रश फिरवायचा. तो गोंद प्लॅस्टिक जरासं विरघळवतो आणि सांधा एकजीव होतो. अडलं ते कपाळाशी. ड्रायव्हरच्या काचेवरचा तो फुगीर, गोल भाग शीटमधून काही निघेना. आणि एके दिवशी डबे घासताना पाहिलं तर श्रीखंडाच्या किलोच्या डब्याचा कोपरा! तीच गोलाई, तोच फुगवटा. आमच्याकडे श्रीखंड संपतं, डबे संपत नाहीत. मी लगेच कात्री घेतली.

पातळ गोंद त्या तुकड्यावरून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळला. दोन नळ्यांतला कालवून लावायचा गोंद लावला, तो दुसऱ्या दिवशी खपलीसारखा अख्खा निघून हातात आला. खरवडून लावला, तरी तेच. नारायण पेठेतल्या दुकानात तो तुकडा घेऊन गेले.

"मुलाचं प्रोजेक्ट का?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"नाही. माझं आहे."

आता मान वर झाली. तुकडा नखाने टोकरून पाहिला. "हे मेणचट प्लॅस्टिक. याला काही चिकटत नाही."

"मग काय करायचं याचं?"

"श्रीखंड ठेवायचं."

मी घरी येऊन इतका पॉलिशपेपर घासला, की शेजारच्या बाईंनी फर्निचरचं काम काढलंय का म्हणून विचारलं. शहाण्या माणसाने डबा सोडून दिला असता. मी नाही सोडला. दुकानदाराला खोटं पाडायचं, एवढाच माझा शास्त्रीय दृष्टिकोन होता.

शेवटी ऑफिसातल्या एका इंजिनियर बाईंनी युक्ती सांगितली. हे प्लॅस्टिक आधी आचेवरून फिरवायचं. वितळवायचं नाही, नुसती निळी ज्योत चाटून जाऊ द्यायची. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडून बघायचा. थेंब गोल राहिला तर फुकट. पसरला, तर लगेच गोंद लावायचा. मी गॅसपाशी उभी राहून पापड भाजताना फिरवतात तसे ते कोपरे फिरवले. पहिल्याचा झाला चमचा. दुसऱ्याला भोक. तिसरा काळा. घरात असा वास भरला, की हे रुमाल नाकाला लावून म्हणाले, "आज जेवायला काय आहे, हे विचारायची भीती वाटतेय." सहाव्या कोपऱ्यावर थेंब पसरला. गोंद लावला, रबरबँडने आवळून दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रबर काढले आणि कपाळ ओढून पाहिलं. निघेना. मग जोर लावून ओढलं. बस उचलली गेली, कपाळ निघालं नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

काचा पारदर्शक प्लॅस्टिकच्या, आत सीटा, वर छप्पर पक्कं केलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाहेरचा चिमुकला आरसा निसटला. संध्याकाळी येऊन लावू म्हणून मी तो टेबलावर ठेवला आणि ऑफिसला गेले.

परत आले तर बसवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घातलेला. हे आनंदात होते. "आरसा लावून टाकला. चपलेचा झटपट गोंद होता ना, तो. भरपूर लावला. आणि वर खोका, धूळ बसायला नको."

मी खोका उचलला. त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की चकचकीत प्लॅस्टिकवर पांढरी पडते. चौदाच्या चौदा काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या. बाहेरून पुसल्या, पण वाफ दारातून आतही शिरली होती, आणि छप्पर पक्कं. मी इतके दिवस खपून बसवलेल्या सीटा आता फक्त मलाच माहीत.

"मी सांगितलं होतं, हात लावू नका."

"अगं, मदत म्हणून..."

"मदतच नको होती! तेवढंच तर नको होतं!"

हे झाडांना पाणी घालायला गेले. या वेळी मी पॉलिशपेपरसुद्धा घेतला नाही. नवीन काचा बसवायच्या तर छप्पर फोडावं लागलं असतं, आणि छप्पर मी चांगलं चिकटवलं होतं.

बस तशीच नेली. टेबलावरच्या पाटीवर 'श्री. व सौ.' छापलेलं. फॉर्म कुणी वाचलाच नव्हता. मी पर्समधलं पेन काढून 'श्री. व' खोडलं. संयोजकांनी पाहिलं, पण माझ्याकडेही पाहिलं आणि पुढे गेले.

परीक्षक तेच. तसेच वाकले. मग सरळ होऊन ह्यांच्याकडे वळले. "काम चांगलंय. पण काचा अशा का दिसतायत हो?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"काचा यांनी केल्यात. बाकीची बस मी केलीय."

हे हळूच म्हणाले, "हो. काचा मी बिघडवल्या. बाकीचं हिला विचारा."

परीक्षक माझ्याकडे वळले. "मग हे कपाळ कसं बसवलंत? हे प्लॅस्टिक तर चिकटत नाही."

वर्षभर मी या प्रश्नाची वाट पाहत होते. डब्यापासून सुरुवात केली. ज्योत, थेंब, चमचा झालेला पहिला कोपरा, दुकानदार, सगळं. माझं संपेना. शेजारच्या टेबलावरचे नाणीसंग्राहक ताटकळून खुर्चीवर बसले. परीक्षकांनी मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा मी त्यांना सहाव्या कोपऱ्याचं सांगत होते, आणि थांबायचा माझा अजिबात विचार नव्हता.