तिच्या लेकीचे दात

अकोटच्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर आठेक वर्षांची लेक. पोरगी सारखी खिदळायची, बाई पदरानं तिचं तोंड पुसायची आणि ते पांढरेशुभ्र दात पाहून माझा जळफळाट व्हायचा. माझ्या लेकीच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं ते हिरडीत तयार होतानाच खराब झाले, घासून जाणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ती आता तोंडावर हात धरून हसते.

शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, "पोरीले कोनतं पाणी पाजता वो तुमी?"

"गावाभायेरच्या जुन्या हिरीचं. आमची बोअर फेल गेली ना, मंग काय करता." तिनं पदर सारून मान चोळली. "डोक्यावर पान्याचे गुंड वाहून वाहून मान गेली माही. तुमच्या घरी हाये काय बोअर?"

"हाये," मी म्हटलं.

"नशीबवान हा बाई तुमी."

आमच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. लेक वर्षाची होती. पहिला घोट तिलाच पाजला, माझ्या हातानं.