पहिला तुकडा धाकट्याचा

नातीने चॉकलेटची चांदी सोलली आणि त्या वासासरशी मी नाशिकच्या, शरणपुरातल्या आमच्या घरात पोचले. छत्तीस-सदतीस सालचा ईस्टर. धाकटा भाऊ शमू कित्येक दिवस तापाने फणफणत होता. पहाटेच्या उपासनेहून आल्या आल्या आईने माठाला टेकवून ठेवलेलं चॉकलेट ओल्या फडक्यातून काढलं. पहिला तुकडा सर्वांत धाकट्याने खायचा, मग बाकीच्यांनी, ही आमच्या घरची रीत.

"खा ना रे राजा, ताई थांबलीय बघ तुझ्यासाठी!" आई विनवत होती.

शमूचे ओठ उघडेनात. मला चॉकलेटची घाई. आईला मात्र त्याने एकदा गिळावं, एवढंच हवं होतं. तुकडा वितळून तिच्या मनगटावर ओघळला, तरी तिने हात मागे घेतला नाही.

पुढच्या ईस्टरला आईने पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. घरात आता सर्वांत धाकटी मीच होते.