मनगट न विसरणारा

भद्रकाली बाजारातला तो म्हातारा मणियार बांगड्या भरताना बाईच्या तोंडाकडे बघत नाही. पण एकदा पाहिलेलं मनगट विसरतही नाही. आमच्या चळवळीतली ताई पोलिसांवर दगड मारल्याच्या आरोपाखाली कोठडीत आहे. त्या मोर्चात हा अगदी समोर उभा होता, म्हणून साक्ष मागायला गेलो.

त्याने डोळे मिटले. "बोटांना पत्रकांची शाई होती. शिपायानं हात पिरगळला, हिरवी काच मनगटात रुतली. मग तिनं त्याच हातानं दगड उचलला, भाऊ."

"दगडाचं तेवढं गाळा, चाचा!"

"मग काच पण गाळू? हात तर मला एकच दिसतो."

‘धादांत खोटा आरोप!’ असं पत्रक मीच छापलंय. उद्या सुनावणी आहे. ह्या माणसाला कोर्टात नेऊ, की कोर्टापासून लपवू?